दादाचे सात टब

दादा गेला त्याच्या आदल्या दुपारी मी हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसले होते. नाकातोंडावर मास्क, हाताला सुया... आणि मास्क बाजूला करून हा विचारतो काय, तर "चार नंबरचं पाणी पांढरं पडलं का गं?" मी चिडले. म्हटलं, "दादा, डॉक्टर काय म्हणाले ते तरी विचार." तो म्हणाला, "ते त्यांचं बघतील. सावंत येईपर्यंत टब सांभाळ. बाकी काही मागत नाही." मी हो म्हटलं. आजारी माणसाला हो म्हणायला काय लागतं? महिनाभराच्या खेपांनी माझे पाय भरून आले होते, मला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

अनंत, माझा थोरला भाऊ, माशांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होता. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी लालबागच्या आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत परत आले आणि तेव्हापासून त्याचा डबा, त्याचे कपडे, त्याचा खोकला, सगळं माझ्याकडे आलं. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, हा एक बाटली घेऊन आला. तिच्यात कोपेपॉड होते. कोळंबीच्या जातकुळीतले, पण टाचणीच्या टोकाएवढे जीव. समुद्रातल्या माशाचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं तोंड इतकं बारीक असतं की आपली खाद्याची पूड त्याच्या कामाची नाही. शिवाय समोर काही हललं तरच ते तोंड उघडतं. म्हणून त्याला हे जिवंत खाणं लागतं, आणि याच्याइतकं सकस दुसरं नाही, असं दादा मला भाकरी थापतानासुद्धा ऐकवायचा.

एका बाटलीचे सात टब झाले. गॅलरीत माझी तुळस होती, ती जिन्यात गेली. वरळीचा एक ओळखीचा कोळी खोल समुद्रातलं पाणी कॅनमधून आणून द्यायचा. दादा ते फडक्यातून गाळायचा, शेवाळाचं हिरवं पाणी वेगळ्या बाटल्यांत वाढवून या जिवांना चारायचा. हवेच्या मोटरची घरघर चोवीस तास. गणपतीत ढोल-ताशे सुरू झाले की हादरे बसू नयेत म्हणून टबांखाली गोधड्या घालायचा, आणि मी सतरंजीवर. एकदा मी चांगुलपणाने एक टब साबणाने घासून ठेवला. त्याला ते माहीत नव्हतं, त्याने तो नुसता विसळून त्यात जीव सोडले आणि राहिलेल्या साबणाने दोन दिवसांत त्यातले सगळे मेले. दादा माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी चहा घेताना म्हणाला, "बारा वर्षांची पिढी आहे गं ती. विरजण मोडल्यासारखं होतं." मग भिंगाखाली एक थेंब धरून मला दाखवला. शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या बाळगून एक मादी उड्या मारत होती. मला ती आवडली. पण ते मी त्याला सांगितलं नाही... सांगितलं असतं तर आठवा टब आला असता.

सावंत म्हणजे देवगडचा तरुण. तिकडे जिताडा माशाची पिल्लं वाढवतो. दादाने त्याला दिलेले कोपेपॉड गेल्या पावसाळ्यात मेले, तेव्हापासून ही पिढी फक्त आमच्या गॅलरीत उरली होती. दादा गेल्याचं कळवलं तेव्हा, तेराव्याला येऊन टबांतले जीव नेतो, असं तो फोनवर म्हणाला होता.

दादाला नेलं आणि पुरुषमंडळी गेली. मागे आम्ही बायका. आमच्याकडे रिवाज असा की माणूस घरातून गेलं की साठवलेलं पाणी ओतून टाकायचं, भांडी घासून पालथी घालायची. हंडा गेला, पिंप गेलं. मग शेजारच्या सुमनकाकी गॅलरीत गेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पदर खोचून कामाला लागलेली. त्यांनी हाक मारली, "टबात काय आसा गो? घरात पाणी ठेवूचा नसता."

मी भिंतीला टेकून बसले होते. "काही नाही," म्हटलं, "पाणीच आहे."

त्यांनी एकेक टब मोरीत ओतला, साबणाने घासला. मोटर बंद केली. घरात इतकं शांत झालं की मला बसल्या जागी डुलकी लागली.

सावंत आला तो दोन कॅन आणि हवेचा छोटा पंप घेऊन. पालथे टब पाहून दारातच थांबला. "ताई, एखादी बाटली तरी?" मी मान हलवली. म्हटलं, "बायकांनी रिवाजाप्रमाणे ओतलं, त्यांना काय माहीत." त्याने चहा घेतला, दादाच्या फोटोला नमस्कार केला आणि रिकामे कॅन घेऊन गेला. हे सुमनकाकींच्या कानावर गेलंच. तेव्हापासून ती म्हातारी रोज काहीतरी करून आणते, कधी पेज, कधी घावणे, आणि म्हणते, "माझ्याच हातान झाला गो." मी खाली मान घालून खाते.

परवा दुपारी लाईट गेली. लाईट गेली की दादा सायकलच्या पंपाने टबांत हवा मारायचा, तो घरी नसला की मी. पंखा थांबला तशी मी दाराआडचा पंप उचलून गॅलरीत धावले. तिथे कोरडे टब. पंप धरून उभीच राहिले आणि रडू आलं, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. सुमनकाकी बाहेर आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. "तुझो काय दोष? त्या दिवशी तू शुद्धीत खंय होतंस?"

"होते, काकी," मी म्हटलं. "मला सगळं माहीत होतं. मी दमले होते."

त्यांचा हात पाठीवर थांबला.