बिबवेवाडी ते लोणी, वायपरसकट

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर खडकवासल्याला जाऊन भाजलेली कणसं खाल्ली. येताना पाऊस लागला. वायपर काचेवर किरकिरत होते. माझी बायको सुमन म्हणाली, "अहो, नवे घ्या की. कान किटले माझे." मी म्हटलं, "रबर चांगलं आहे. तुझेच कान नाजूक." दोन वर्षं हेच भांडण चाललं होतं. पाचव्या दिवशी ती झोपेतच गेली. भांडण अर्धं राहिलं.

तेरावा झाल्यावर तिची एक साडी तिच्या धाकट्या बहिणीला, शांताला, द्यायला लोणी काळभोरला निघालो. लोणी म्हणजे काही परदेश नाही. पण हडपसर ओलांडायला तेवढाच वेळ लागतो. तिथेच पाऊस सुरू झाला आणि वायपरही. शेजारची सीट रिकामी, त्यामुळे आवाज सगळा माझ्याच वाट्याला. खरंच वाईट होता. सोलापूर रस्त्यावर एक गॅरेज दिसलं, थांबलो.

मेकॅनिक अकोल्याकडचा. म्हटलं, "नवे वायपर बसव."

"कायले काका? रबर तर मस्त आहे." त्यानं काचेवरून बोट ओढलं आणि माझ्या नाकाशी धरलं. "काचेले तेल चोळता का तुम्ही?"

वास समईतल्या तेलाचा. सुमन रोज सकाळी समई पुसायची आणि त्याच फडक्यानं खाली येऊन गाडीची काच. "बघा कशी चकाकते," म्हणायची.

त्यानं साबणाच्या पाण्यानं काच दोनदा धुतली, वायपरची रबरी पट्टी ओल्या फडक्यानं पुसली. "आठवड्यातून एकदा असं पुसत जा. गाडी उन्हात असली तर वायपर उचलून ठेवा." चालू करून बघितले. आवाज बंद.

म्हणजे मी बरोबर होतो. संसारात असे प्रसंग मोजकेच येतात. हा आला तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं. मग ठरवलं, मेहुणीला तरी सांगायचं. मांजरी गाव मागे पडल्यापासून वाक्यं जुळवत होतो.

लोणीचं पिठलं पुण्यापेक्षा तिखट, माणसंही. शांतानं साडी मांडीवर घेतली, बराच वेळ हात फिरवला आणि म्हणाली, "दाजी, राग मानू नगा. आक्का फोनवर सारखी म्हनायची, दोन रबरं घ्यायला ह्यांचा जीव जातोय. शेवटपतूर ऐकलं न्हाई तुमी तिचं. खरं हाय का न्हाई?"

सगळं तयार होतं माझ्याकडे. तेल, समई, फडकं, अगदी क्रमवार.

"खरं आहे," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"म्हैन्याच्या दिवसाला येनार हाय मी. तवा बघते, बदललेत का," ती म्हणाली आणि न विचारता आणखी भाकरी वाढली.

परतताना पाऊस जोरात होता. वायपर मुकाट चालले होते. एवढा शांत प्रवास मी जन्मात केला नव्हता. पुन्हा करायची इच्छा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानाचं शटर वर जायच्या आत पायरीवर उभा होतो. दुकानदारानं गाडी बघितली. "आजोबा, हे उत्तम आहेत की! हौस म्हणून बदलताय का?"

"उत्तम आहेत, मला माहीत आहे," मी म्हटलं. "काढा."