कॉम्प्युटरचा घोळ

कॉलेजच्या निकालाचं सॉफ्टवेअर बाईंनी नऊ वर्षं खपून एकहाती उभं केलं होतं. परीक्षा विभागामागच्या खोलीत बसणाऱ्या या प्रोग्रामरला सगळे ‘कॉम्प्युटरबाई’च म्हणत. त्या वर्षी रसायनशास्त्राची त्रेसष्ट मुलं प्रात्यक्षिकात शून्य मिळून नापास झाली आणि त्या विषयाच्या विभागप्रमुखांनी परीक्षा विभागाच्या खिडकीशी जमलेल्या पालकांना बेधडक सांगितलं, "कॉम्प्युटरनं घोळ घातलाय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी सिस्टिममधल्या नोंदी उघडल्या. विभागप्रमुख सरांनी गुण भरलेच नव्हते. मुदत संपता संपता त्यांच्याच लॉगिनवरून सरसकट शून्य टाकून यादी पाठवली होती.

"बाई, सांभाळून घ्या ना," सर हळूच म्हणाले. "मशीनला कुठे लाज असते?"

"मशीनला नसेल, मला आहे!" बाईंनी त्या नोंदी छापल्या आणि पालकांना दिसतील अशा खिडकीच्या काचेला चिकटवल्या.

संध्याकाळच्या आत खरे गुण भरले गेले, मुलं पास झाली. दुसऱ्या दिवशी नोटीस मात्र बाईंनाच आली. विभागप्रमुखांच्या बदनामीबद्दल खुलासा मागितला होता. त्रेसष्ट मुलांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. बाईंनी खुलासा दिलाच नाही.