सारसाची बांधी

आमच्याकडे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात. माझ्या माहेरच्या एका बांधीला तर नावच होतं, सारसाची बांधी. सारस पक्ष्यांची ती जोडी पूर्वी गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, अंडी घालायची. मग पाऊस लांबू लागला, बोडीच्या काठावर घरं आली, आणि एका वर्षी ती दोघं मुकाट्यानं आमच्या बांधीत उतरली. चोचीनं रोवलेला धान उपटून त्यांनी घरटं रचलं. भाऊ चिडला, पण मी हट्टाला पेटले. तेव्हापासून घरट्याभोवतीचा धान त्यांचा.

लग्नानंतरही मी रोवण्याला माहेरी जायचे, खरं तर त्यांना बघायलाच. त्या वर्षी दोन अंडी होती. निघताना भावाला दहादा बजावलं, "बांधीतलं पाणी आटू देऊ नोको. पाणी हाय तवरिक कुत्रा घरट्याजवळ जात नाई." त्यानं मान हलवली. मी निर्धास्त सासरी आले, इतकी भोळी मी.

पोळ्याला गेले ती थेट शेतावर. बांधी कोरडी, घरटं विस्कटलेलं, वाळलेल्या चिखलात कुत्र्यांची पावलं आणि कवचाचे तुकडे. धुरा, म्हणजे बांधीचा मातीचा बांध, फावड्यानं नीट कापलेला होता.

भाऊ घरी बैलांच्या शिंगांना रंग देत होता. त्यानं काही लपवलं नाही.

"ते बांधी प्लॉटवाला घेऊन राहिला. घरटं दिसलं असतं त जंगलवाले आले असते, सौदा फिसकटला असता. मी अंड्याले हात नाई लावलो. पाणी काढलो फक्त. तूच त सांगतली होती, पाणी नसलं का कुत्रे जातेत म्हनून."

मी त्या दिवशी बैलांना ओवाळलं नाही, घरात जेवले नाही. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथं माझ्याच पाठच्या भावानं माझंच बोलणं वापरलं होतं. मला अजूनही त्याचा राग येतो, आणि माझ्या जिभेचाही.

यंदा रोवण्याला गेले. जोडी बोडीच्या उरल्यासुरल्या पाण्यात उभी होती. पूर्वी मी दहा हातांवर वाकून रोवत असले तरी ती हलायची नाहीत. आता मी लांबच्या धुऱ्यावर पाय ठेवला, तशी दोघांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि उडून गेली. मला आणि भावाला त्यांनी एकाच घरचं धरलं होतं. त्यात त्यांचं काय चुकलं?