धाकट्याचं कांबळं

बांधावरच्या भांडणावरून आम्ही दोघे भाऊ परभणीच्या जेलात होतो. आठव्या दिवशी धाकट्यानं आपलं कांबळं माझ्या शेजारून उचलून योहानजवळ टाकलं. आज दवाखान्यात फिनेलचा वास आला आणि ती बराक आठवली.

योहान ख्रिस्ती, आमच्यासारखाच कच्चा कैदी. जेवणाआधी तो डोळे मिटून प्रार्थना करायचा. त्या दिवशी धाकट्यानंही डोळे मिटले.

"भाकर निवायलीय," मी म्हणालो.

"थांब की दादा, तुझंबी नाव घ्यायलोय."

"त्याच्या देवाला माझं नाव कशाला?"

योहान हसला. त्यानं अर्धी भाकर माझ्या ताटात ठेवली. मी ती परत केली. तेव्हा राग आला असं वाटलं होतं. आता कळतं, तो हेवा होता.

शुक्रवारी योहान जामिनावर सुटला. त्या दिवशी जेवणाआधी धाकट्यानं एकट्यानंच डोळे मिटले.