नदी गोठायची वाट पाहणारे गुरुजी

व्होल्गा नदीच्या पश्चिम काठावर अडीचशे वर्षांपूर्वी मागे राहिलेल्या माणसांचं दुःख रोज सकाळी उठून नव्यानं करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर राहतो. मी हे उगाच फुगवून सांगत नाही. बावीस वर्षं एका शाळेत, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून मी ते सोसलं आहे. मी गणिताचा मास्तर, मूळचा नेरकडचा, घरी कापूस आणि तूर. मंगोल म्हणजे घोड्यावरून आले आणि लुटून गेले, एवढीच माझी त्या लोकांशी ओळख. समोर बसणारे भूगोल शिकवत. शाळेत बाकी आम्ही सगळे सर, ते एकटे गुरुजी. माझ्या तोंडून नुसता मंगोल शब्द निघाला की दाढ दुखल्यासारखा चेहरा करून ते विचारत, "कोणते मंगोल? पूर्वेकडले का पश्चिमेकडले? सर, तुम्ही नेरचे, मी फुलसावंगीचा. जिल्हा एक म्हणून आपण दोघं एकच झालो काय?"

पश्चिमेकडचे म्हणजे ओइरात, हे मला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. त्यांच्यातले तोरगूत नावाचे लोक जवळपास चारशे वर्षांपूर्वी तंबू, गुरं, बायकापोरं घेऊन चालत निघाले ते थेट व्होल्गेच्या काठी जाऊन थांबले. पाच-सहा पिढ्या तिथं नांदले. पुढे रशियाच्या राणीचा जाच वाढला, तेव्हा त्यांच्या तरुण खानानं ठरवलं, परत फिरायचं, आजे-पणजे जिथून आले तिकडे. लोक नदीच्या दोन्ही काठांना पसरलेले. हिवाळ्यात नदी गोठली की पश्चिम काठावरच्यांनी बर्फावरून पूर्वेला यायचं आणि सगळ्यांनी मिळून निघायचं. त्या वर्षी नदी गोठली नाही आणि खान थांबला नाही. पूर्वेकडचे निघाले, त्यातले बहुतेक थंडीनं, भुकेनं, वाटेवरच्या हल्ल्यांनी मेले. पश्चिमेकडचे जिथल्या तिथं राहिले. आज त्यांना काल्मिक म्हणतात. एवढं सांगून झालं की गुरुजी ऐकणाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारत, "आता खरं सांगा, थांबायले पाहिजे होतं का नाही?" हा प्रश्न त्यांनी पोस्टमनला विचारला आहे, उमरखेडच्या बसमधल्या कंडक्टरला विचारला आहे, आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही विचारला आहे. साहेब घाईत होते. "थांबायला हवं होतं," म्हणून त्यांनी सही ठोकली. त्या दिवशी गुरुजींनी डबा उघडला नाही.

हे वेड कुठून आलं ते मला पहिल्याच वर्षी कळलं, कारण तांड्यावर ते कोणापासून लपलेलं नव्हतं. गुरुजींचे वडील तांड्याचे नाईक, म्हणजे ज्यांच्या शब्दावर सगळे उठणार आणि बसणार असे. ह्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. तळ हलवताना सगळी माणसं आणि सगळे बैल जमल्याशिवाय नाईक पुढे पाऊल टाकायचा नाही. एखादी म्हातारी मागे राहिली तरी सगळा तांडा थांबायचा. पुढे फिरणं संपलं, शेती आली, आणि पैनगंगेच्या काठी त्यांचा तांडा वसला. गुरुजी बाविशीचे असताना एका भादव्यात तो पुरात गेला. उंचावर नवी जागा देण्यासाठी नावं लिहायला सरकारी साहेब आला, तेव्हा अकरा घरं नदीपलीकडे अडकलेली. ती तिकडे शेती करायला गेली होती आणि त्यांत गुरुजींच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. नाईक तापानं पडलेले, म्हणून त्यांच्या जागी तांड्यातला एकटा शिकलेला मुलगा उभा राहिला. साहेब म्हणाला, हजर असतील त्यांचीच नावं आज लिहितो, नाहीतर दहा-बारा दिवसांनी परत येतो. वरून पाऊस, पोरं बाभळीखाली कुडकुडत उभी. गुरुजी म्हणाले, लिहा. नवव्या दिवशी पाणी उतरलं.

त्या अकरा घरांना अलीकडे जागा मिळाली नाही. ती पलीकडेच राहिली आणि बघता बघता दुसऱ्या जिल्ह्याची झाली. "ज्या तांड्यात माह्यं नाव नाही तिथं मी पाय ठेवत नाही," असा बहिणीचा निरोप आला आणि तो शब्द तिनं पाळला. गुरुजीही पलीकडे गेले नाहीत. कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणत. आता नदीवर पूल आहे, बसनं तासाभराचं अंतर आहे, बहीण ऐंशीला टेकली आहे. ती आहे तोवर तिच्यासमोर उभं राहायचं, एवढं एकच काम त्यांच्या जन्माला उरलं होतं आणि तेच त्यांच्याच्यानं होत नव्हतं. कधीकाळी पुसदच्या बाजारात रद्दीच्या ढिगात त्यांना मध्य आशियाच्या इतिहासाचं एक फाटकं पुस्तक मिळालं आणि त्यात हा न थांबलेला खान भेटला. तेव्हापासून ते त्याच्यावर खटला चालवत होते. फिर्यादीही तेच आणि आरोपीचे वकीलही तेच.

ह्या खटल्याचा त्रास मात्र आम्हाला होई. वर्गात ते पैनगंगेपासून सुरुवात करत आणि तिसऱ्या वाक्याला व्होल्गेत उतरत. भारतातील प्रमुख नद्या लिहा, ह्या प्रश्नाला आमच्या शाळेची निम्मी मुलं व्होल्गा पहिली लिहीत आणि गुरुजी तिला मार्क देत. मी हटकलं तर म्हणाले, "पोराईनं नदी तं बराबर लिहिली नं सर, देश चुकला." लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे. पत्रावळीवर भाताचे दोन ढीग करून मधून वरणाची नदी काढत आणि हे झालं पश्चिमेचं, हे पूर्वेचं, असं सांगताना वाढप्याला तीनदा परत पाठवत. त्यांच्या घरी गेलं की काल्मिकांचा चहा मिळे. दूध, लोणी आणि मीठ घातलेला. "थंडीत लई चांगला असते," असं ते भर वैशाखात सांगत आणि कप रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसत. हातात मोबाइल आल्यावर तर दर हिवाळ्यात तिकडचं तापमान पाहायचा नेमच झाला. शाळेत आल्या आल्या सांगत, "उणे चार. अजून नाही." मग एखाद्या दिवशी चेहरा उजळलेला दिसे. "गोठली सर! आज माणूस चालत येऊ शकते." त्या दिवशी सगळ्या स्टाफला साखरेचा चहा असे. आम्ही हसत असू. मी सगळ्यात जास्त हसलो आहे, आणि आज मला त्याची लाज वाटते.

कारण खानाची बाजू मांडताना मी त्यांना पाहिलं आहे. "त्याच्याजोळ लहान लेकरं होती सर. रशियाले खबर लागली असती तं समदेच अडकले असते. तो तरी काय करन?" एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहत. मागे राहिलेल्यांना पुढे, गेल्या शतकात, एका हिवाळ्यात गाड्यांत कोंबून सायबेरियात नेऊन टाकलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

ह्या खटल्याचा निकाल शेवटी लावला तो त्यांच्या पत्नीनं. सगळा तांडा त्यांना याडी म्हणजे आई म्हणतो, मीही म्हणतो. निवृत्तीनंतर गेल्या दिवाळीच्या सुमारास मी त्यांच्या ओट्यावर तो खारट चहा संपवत बसलो होतो आणि गुरुजी तोरगुतांची वाट मला सतराव्यांदा समजावत होते. याडी दारात भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जे गेले त्याईचं तुमाले समदं ठावं हाये. कोण कोठं मेलं, कोण पोचलं. जे मांगं राह्यले ते काय म्हनत होते, ते कोन्या पुस्तकात हाये काय?"

गुरुजी म्हणाले, "त्याईचं लिहेलं कमीच सापडते."

"मंग आपल्या मांगं राह्यल्या त्या तं अजून जित्या हायेत नं. त्याईले जाऊन इचारा. पुस्तक कायले पाहिजे?"

चार दिवसांनी सकाळी गुरुजी माझ्या दारात उभे होते, धुतलेलं धोतर, पायांत नव्या चपला. "सर, तुम्ही संगं येता काय?" म्हणाले. बसमध्ये त्यांनी मला बहिणीपुढे करायचं भाषण म्हणून दाखवलं. त्याची सुरुवात व्होल्गेपासून होती. मी म्हटलं, गुरुजी, एवढं राहू द्या. पूल आला तसे त्यांनी डोळे मिटले आणि पलीकडे गेल्यावरच उघडले.

बहीण अंगणात सूप घेऊन सोयाबीन पाखडत होती. तिनं वर पाहिलं आणि ओळखलं, पण सूप खाली ठेवलं नाही. पाखडणं पुरं केलं, कचरा झटकला, मग उठली. गुरुजींचं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. ती जवळ आली, दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले आणि सुरात रडायला लागली. त्यांच्यात फार दिवसांनी भेटलेली बाई अशीच रडते आणि रडता रडता मधल्या काळात जे जे झालं ते सगळं गाऊन सांगते. त्यांची गोर बोली मला अर्धीमुर्धीच कळते, पण नावं कळत होती. एकेक करून अकराही घरं आली. कोण गेलं, कोणाची लेक कुठे दिली, कोणत्या वर्षी विहिरीचं पाणी आटलं, आई गेली तेव्हा निरोप कसा उशिरा पोचला. शेजारच्या बाया दारांत येऊन उभ्या राहिल्या. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. त्यांना एवढा वेळ गप्प मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रडणं संपल्यावर ती बाजूला झाली, पदरानं तोंड पुसलं आणि मला कळावं म्हणून असेल, मराठीत बोलली. "आठ रोज आम्ही काठावर येऊन पाहत होतो. तुमी डोक्यावर बोजे घेऊन वर चढून राह्यले होते, ते दिसे. मी तुह्या नावानं लई आवाज देल्ले."

गुरुजी म्हणाले, "मी थांबाले पाहिजे होतं."

"हो," ती म्हणाली. "थांबाले पाहिजे होतं. मी रडली ते आपल्या मायबापासाठी. तुले माफ केलं असं समजू नको. बस, जेवून घे."

ते बसले आणि जेवले. ती समोर बसून भाकरी वाढत राहिली, नको म्हटलं तरी वाढत राहिली.

तेव्हापासून दर बुधवारी गुरुजी पलीकडे जातात. वही घेऊन बसतात, बहीण सांगते आणि ते लिहितात. त्या अकरा घरांत कोण होतं, कोण झालं, कोण कसं जगलं. काही चुकलं की ती त्यांना पोरासारखं रागावते आणि ते खोडून पुन्हा लिहितात. तापमान पाहणं सुटलं आहे. खानाचं नावही महिनोन्‌महिने निघत नाही. मी बुधवारी ओट्यावर गेलो तर याडी मला साखरेचा चहा देतात, आणि खरं सांगायचं तर तो घशाखाली उतरत नाही. त्या खटल्यात मला एवढी वर्षं साक्षीदार म्हणून जागा होती. आता मला काही विचारायला कोणी येत नाही.

मागच्या आठवड्यात मीच विचारलं, बहीण एकदा तरी अलीकडे, नव्या तांड्यावर येणार आहे का. गुरुजी म्हणाले, "इचारलं मी. पाहू म्हनते."

"मग?"

"मंग काय," ते म्हणाले. "थांबतो."