गाळलेलं पान

ते पान मी वाचलं होतं. हे आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

मी साताऱ्यात राज्यशास्त्र शिकवतो. युक्रेनचं युद्ध सुरू होण्याआधी महिनाभर कुंडलजवळच्या एका गावी व्याख्यानमालेत बोलायला गेलो होतो. फळ्यावर नकाशा काढला. युरोप-आशियाच्या मधल्या भूभागावर ज्याची सत्ता, त्याचं जगावर वर्चस्व, असं एका इंग्रज भूगोलतज्ज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं होतं. त्याची ती भीती होती. पुढे काही रशियन विचारवंतांनी तोच नकाशा उचलला आणि ते आपलं भाग्यच ठरवून टाकलं. त्यांचं म्हणणं, आपण रशियन ना युरोप, ना आशिया. आपलं विश्वच वेगळं, आणि समुद्रावरच्या सत्तांशी वैर कायमचं. लोक मन लावून ऐकत होते. मला स्फुरण चढलं होतं.

शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. एकीवर लिहिलं होतं, ‘मुलगी युक्रेनमध्ये खारकिवला डॉक्टरकी शिकते. बोलावून घ्यावी का?’

त्याच रशियन विचाराच्या एका पुस्तकात सरळ लिहिलं होतं, की युक्रेन हा वेगळा देश असणंच धोक्याचं, तो राहता कामा नये. व्याख्यानाची टिपणं काढताना मी ते पान सोडून दिलं. माझ्या सुबक मांडणीत ते बसत नव्हतं. चिठ्ठी वाचून मी हसत म्हणालो, “सीमेवर फौज उभी करून रशियाचं नुसत्या धाकावर काम होतंय, तिथं गोळी कोण वाया घालवील? पोरीला परीक्षा देऊ द्या.”

टाळ्या पडल्या.

दोन-तीन महिन्यांनी आईचे कान दाखवायला मिरजेच्या दवाखान्यात गेलो होतो. बाकावरचा एक गृहस्थ ताडकन उठून उभा राहिला.

“वळाकलं न्हाई व्हय सर? ती चिठ्ठी माझी हुती.”

शेजारी मुलगी बसली होती. त्याने सांगितलं, युद्ध सुरू झाल्यावर ती तळघरात लपली होती; पाणी आणायला वर आली, तेव्हा समोरच्या इमारतीवर गोळा पडला. डावा कान गेला.

“मी स्वतः फौजेत हुतो, तरी मला कळलं न्हाई,” तो म्हणाला. “तुमी तरी काय करणार? पुस्तकात हुतं तेच सांगितलं.”

मुलीने उजवा कान माझ्याकडे वळवला. “सर काय म्हणाले, बाबा?”

मी काहीच म्हणालो नव्हतो. आईचा नंबर आला, मी आत गेलो.

त्या मुलीच्या उजव्या बाजूला बसून ते पान वाचून दाखवणं, आणि ते मला आधीपासून ठाऊक होतं हे सांगणं, माझ्याकडून अजून बाकी आहे.