रिकामी पाकिटं

मामी एका दमात तीन शब्दांपुढे बोलत नसे. "चहा ठेवलाय बग," एवढं म्हणून चौकटीला हात टेकायची. दम्यानं तिचं बोलणं असं तोडून टाकलं होतं.

युसूफ वडगाव या गावातल्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी मामा-मामींकडेच राहायला गेले. घराला लागूनच मामांचं किराणा दुकान. सुक्या मिरचीचं पोतं आलं की मामी मागच्या खोलीत दार लावून बसे. झोपायचीही बसूनच, मांडीवर उशी घेऊन. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजला, साखर वाढली. दम मात्र तसाच. "गोळी मी खाते... का गोळीच... मला खायलीय?" ती विचारायची.

ती गोळ्या बुडवते, असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मलाही तेच वाटे. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंना मी तिच्यासमोरच म्हणाले, "ही औषध नीट घेत नाही."

मामीनं पिशवीतून उशीची खोळ काढली आणि टेबलावर उलटी केली. वर्षभराच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. बाईंनी दम्याचा पंपही तोंडानं ओढून दाखवायला सांगितला. तिनं नीट ओढला.

"मावशी, चूक तुमची नाही. काहींच्या दम्याला हे औषध लागूच पडत नाही. गोळ्या हळूहळू कमी करू, दुसरं इंजेक्शन देऊन बघू."

मामीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एसटीत मी माफी मागितली. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "दमा सोसला गं... खोटी म्हणलात... ते न्हाई सोसलं."

घरी आल्यावर मी मामांना पाकिटांचं सांगितलं. इंजेक्शनांनी काही महिने बरे गेले. एका सकाळी ती चक्क आडवी दिसली. मी घाबरून हलवलं. "कावून उठवलंस?" ती चिडली. कित्येक वर्षांनी तिची पाठ अंथरुणाला टेकली होती.

ऊसतोड संपल्यावर कुणीतरी शेतात पाचट पेटवलं. भरदुपारी धूर घरात शिरला. मामीचा दम कोंडला. दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये मी तिला पंप देत राहिले. पुढच्या सीटवरून मामा "आलंच, आलंच" म्हणत होते. अर्ध्या वाटेत तिनं पंप बाजूला सारला आणि माझा हात धरला. दवाखाना येण्याआधीच तो सैल पडला.

तिथल्या तरुण डॉक्टरनं कागद भरताना विचारलं, "औषधं नियमित घेत होत्या का?"

मी बोलणार, तोच मामा पुढे झाले. "लिवा सायेब," ते म्हणाले, "एक बी गोळी बुडवली न्हाई तिनं."